बुधवारचं न्हाणं

माझं डोकं आठवड्यातून किती वेळा धुवायचं, हे आजवर मला सोडून सगळ्यांनी ठरवलंय. आईनं ठरवलं, सासूनं ठरवलं, खोलीच्या मालकिणीनं ठरवलं, कंपनीच्या शिफ्टनं ठरवलं. मधे एकदा पार्लरवाल्या पोरीनं माझी बट दोन बोटांत उंदराच्या शेपटीसारखी धरली आणि सांगितलं, आठवड्यातून दोनदाच हां ताई, त्यापेक्षा जास्त धुतलं की नॅचरल ऑइल जातं. तिला म्हटलं, बाई, तू एक दिवस आमच्या मोल्डिंग मशीनजवळ येऊन उभी राहा, मग तुझं नॅचरल काय जातं आणि काय राहतं ते बघू. तिनं तोंड वाकडं केलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळली.

मी सणसवाडीत रबराचे पार्ट काढणाऱ्या कंपनीत तपासणीला आहे. अठरा वर्षं झाली. रबरात काजळीसारखी काळी पूड घालतात. ती पूड टोपी जुमानत नाही, रुमाल जुमानत नाही. केसांच्या मुळाशी जाऊन बसते आणि घाम आला की तिथंच मुरते. माझ्या उशीला मी मुद्दाम काळी खोळ शिवलीय, कारण पांढरी दोन दिवसांत काळीच व्हायची. आता अशा बाईनं डोकं किती वेळा धुवावं? कुणीही शहाणं माणूस सांगेल, रोज. पण आमच्या घरात शहाणं माणूस जन्माला यायचं राहूनच गेलं.

हे सगळं आज सांगत बसायचं कारण एक सही आहे. वडिलांच्या माघारी कालव्याकाठच्या तीन एकराला आई, भाऊ आणि मी अशी तीन नावं लागली. भावाला माझी सही हवी होती, हक्क सोडल्याची. मला दोन गुंठे हवे होते. त्या सहीचं आणि माझ्या डोक्याचं काय नातं ते कळायला जरा मागं जावं लागेल.

माझं माहेर दौंड तालुक्यात, यवतच्या जवळ. आमच्याकडं आंघोळ वेगळी आणि न्हाणं वेगळं. आंघोळ अंगावरून, ती रोजची. न्हाणं डोक्यावरून, आणि त्याला वार बघावा लागतो. सोमवार महादेवाचा, त्या दिवशी न्हायचं नाही. गुरुवारी न्हालं की घरातली लक्ष्मी जाते. लहानपणी मी आईला विचारलं होतं, ती आली कधी होती? पाठीत धपाटा बसला. शनिवारी न्हालं की साडेसाती. त्यात एकादशी, अमावस्या कुठल्या वारावर येऊन बसतील त्याचा नेम नाही. राहता राहिले मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि बुधवार. आणि बुधवार होता भावाचा.

भाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी धाकटा. आमच्या दोघांच्या मधे एक मुलगा झाला होता, तो तीन महिन्यांत गेला. त्यामुळं हा जन्मला तेव्हा आईनं त्याला खाली ठेवलंच नाही. शेजारच्या एका म्हातारीनं तिला सांगितलं, पोरगा बुधवारी झालाय, तर बहिणीनं बुधवारी न्हाऊ नये, भावाच्या जिवाला घोर लागतो. म्हातारीचं काय गेलं? उचलली जीभ लावली टाळ्याला. ती पुढं चार वर्षांनी मेली, आणि तिचं ते एक वाक्य मी चाळीस वर्षं डोक्यावर वागवलं. आईचं मात्र मी समजू शकते. एक लेकरू मातीत ठेवून आलेली बाई कशालाही भिते.

सहावीत असताना आमच्या शाळेचं गॅदरिंग बुधवारी आलं. मला नाचात घेतलं होतं. डोक्यात आठवड्याचं तेल आणि उसाच्या फडातली धूळ. बाई म्हणाल्या, केस मोकळे सोडायचेत, धुवून या. मी आणि वर्गातल्या दोघी कालव्यावर गेलो, वडीभर साबणात तिघींची डोकी धुतली. कालव्याचं पाणी गोडं. आमच्या घरच्या बोअरचं इतकं खारं की साबण फेस धरायचा नाही, केस काथ्यासारखे व्हायचे. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या हाताला माझे केस मऊ लागले. मी वाळवायच्या नावाखाली ते घरापर्यंत नुसते हुंगत आले.

त्याच सकाळी आमच्या बंधुराजांनी गुऱ्हाळावर जाऊन दोन तांबे काकवी ढोसली. दोन तांबे! मोठा गडी आडवा होईल तेवढी. घरी येऊन अंगणभर ओकला. आई त्याचं डोकं धरून बसलेली, आणि मी नेमकी ओल्या केसांनी दारात.

"न्हालीस व्हय गं, भवाने? आज न्हालीस?"

चुलीजवळचं फुंकणं तिच्या हाताशी होतं. मी नाचायला गेले नाही. माझ्या जागी दुसरीला उभी केली, आणि तिनं नाचाचा पार बोऱ्या वाजवला असं नंतर कळलं, तेवढंच समाधान. पण मला त्या दिवसातलं आठवतं ते वेगळंच. आई मला मारत होती तेव्हा भाऊ हनुवटीला लागलेली काकवी चाटत आमच्याकडं बघत होता. सात वर्षांचं पोर, पण त्याला त्या दिवशी कळलं की आपण काहीही करावं, जाब आक्काच्या डोक्याला विचारतात.

मग काय, आयतंच सापडलं. सायकलवरून पडला, आक्का न्हाली असंल. विटी लागली, आक्का न्हाली असंल. दहावीला गणितात आपटला तेव्हा तर कमाल केली. पेपर बुधवारी होता म्हणे, आणि आक्काचे केस त्या दिवशी चमकत होते! अरे गाढवा, ते तेल होतं. आणि तुला त्रिकोणाच्या बाजू किती ते सांगता येत नव्हतं, त्याला माझ्या केसांनी काय करावं? नाचता येईना अंगण वाकडं, तसं याला गणित येईना आणि बहीण न्हालेली. वडील एवढे शांत, कधी मधे न पडणारे, पण तेसुद्धा त्या दिवशी म्हणाले, "आरं, तिचं डोकं न्हाई, तुझं बघ." एवढं बोलून ते रानात निघून गेले. आईनं मात्र पुढच्या ऑक्टोबरच्या परीक्षेआधी मला दोन आठवडे न्हाऊच दिलं नाही. तो तेव्हाही नापास झाला.

माझं लग्न शिरूरकडं झालं. सासरी कोरडवाहू, पाण्याचा नुसता ठणठणाट. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं की या घरात बाया आठवड्यातून एकदा न्हातात, मंगळवारी, आणि पाणी विहिरीवरून स्वतः आणतात. मी घाबरत विचारलं, "आत्याबाई, बुधवारचं काय?" त्या म्हणाल्या, "भाऊ तुझा, वार तुझा. मला काय इचारतीस?" त्या बाईबद्दल माझ्या मनात फार प्रेम कधी नव्हतं, पण या एका उत्तरासाठी मी त्यांना मानते. पुढं नवऱ्याला सणसवाडीत काम लागलं, मागोमाग मला लागलं, आणि आम्ही खोलीत राहायला आलो. तिथं ना आई होती ना सासू. डोकं माझं, बादली माझी. बुधवारी न्हायले असते तर कोण बघणार होतं?

पण मी न्हायले नाही. कधीच नाही. हे सांगताना मला माझाच राग येतो. कंपनीला सुट्टी गुरुवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी लक्ष्मी जाते म्हणून न्हाणं नाही, आणि आदल्या दिवशी भाऊ जातो म्हणून नाही. गुरुवार मी लवकरच सोडला. जायचं तर जा म्हटलं लक्ष्मीला, तुझं माझ्याकडं काही अडलेलं नाही. सोमवार सोडला, शनिवार सोडला, एकादशी कधी येते ते बघायचंच सोडलं. बुधवार मात्र सुटला नाही. डोकं खाजून खाजून रक्त यायचं, पण बुधवारी माझा हात तांब्याकडं जायचा नाही. भाऊ मोटरसायकलवर फिरत असेल, त्याच्या पुढं ट्रक असेल, असं डोळ्यांसमोर यायचं. त्या म्हातारीनं माझ्या डोक्यात जी काजळी भरली, ती कंपनीच्या काजळीपेक्षा चिवट निघाली.

कोरोनात भावाला दवाखान्यात ठेवलं. बारा दिवस ऑक्सिजनच्या नळीवर होता. कुणाला भेटू देत नव्हते. मी काय करणार? माझ्या हातात एकच होतं. मी बाराही दिवस न्हायलेच नाही. कुठलाच वार नाही, सरळ बंद. ड्युटी चालू होती, काजळी चालू होती. पाचव्या दिवशी कंगवा फिरेना. आठव्या दिवशी सुपरवायझर म्हणाला, मॅडम, जरा लांब उभ्या राहा. त्या पठ्ठ्याला मी सांगणार काय, की भाऊ आजारी आहे म्हणून डोकं धूत नाही? तो बारामतीचा इंजिनिअर. तेराव्या दिवशी भाऊ घरी आला आणि मी न्हायले. गुंता सुटेना म्हणून शेजारणीनं वीतभर केस कापले. ते मी पेपरात गुंडाळले आणि टाकून दिले, आणि टाकताना रडले. केसांसाठी नाही, तो जगला म्हणून.

महिनाभरानं माहेरी गेले तेव्हा त्याला सांगितलं. वाटलं होतं, काहीतरी बोलेल. खाटेवर बसून सफरचंद खात होता. खो खो हसला.

"मी काय सांगितलं व्हतं व्हय तुला? आक्का, तू कंपनीत जातीस आन् आजून आसलं मानतीस? केसानं माणूस वाचतंय का? डॉक्टर हायत कशाला?"

बरोबरच बोलला. अक्षर न् अक्षर बरोबर. पण ज्यानं गणितात नापास होण्याचं खापर माझ्या केसांवर फोडलं होतं, त्यानं हे मला शिकवावं? मी उठले आणि भांडी घासायला गेले. मला त्याच्यापेक्षा माझी शिसारी आली.

आता खोलीचं सांगते, म्हणजे दोन गुंठ्यांचं कळेल. सणसवाडीत आम्ही राहतो तिथं दहा खोल्या आणि दोन न्हाण्या. एका न्हाणीचं दार लागत नाही, आत बसून पायानं दाबून धरावं लागतं. मालकीण सकाळी खुर्ची टाकून न्हाण्यांसमोर बसते. तिला दुसरा उद्योग नाही. दहा खोल्यांतली कुठली बाई कधी न्हाली, किती पाणी घेतलं, सगळं तिला पाठ. "आज परत डोकं?" हे तिचं रोजचं सुप्रभात. "टँकरचं पाणी हाय बया, गंगा न्हाई." तिच्या स्वतःच्या घरात वर टाकी आहे आणि तिची सून तासभर शॉवरखाली उभी राहते, ते आम्हाला खाली ऐकू येतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून.

शेजारच्या खोलीत बिहारकडची एक बाई आहे, तिनंच ते केस कापले. तिला एकदा बुधवारचं सांगितलं तर ती म्हणाली, "दीदी, हमारे में तो मंगल को नहीं धोते. और बृहस्पत, और शनिचर." म्हणजे आमच्या देवीला मंगळवार चालतो आणि तिकडच्या देवाला चालत नाही. दोघींचे वार एकत्र केले तर बाईनं शुक्रवारी आणि रविवारीच माणसात यावं. आम्ही दोघी त्यावर पोट धरून हसलो. हसता हसता ती म्हणाली, "भाई के लिए तो मैं भी नहीं धोती, दीदी." मग दोघींचंही हसू थांबलं.

तर मला एक न्हाणी हवी होती. माझी. आतून कडी लागणारी, वर खिडकी असलेली, दगडी फरशीची. शेजारी दोन खोल्या, पत्र्याच्या चालतील. निवृत्त झाल्यावर नवऱ्याच्या गावी जाऊन काय करू? तिथं प्यायला पाणी नाही. आणि कालव्याकाठचं गोडं पाणी मला त्या गॅदरिंगच्या सकाळपासून आठवतंय. म्हणून दोन गुंठे, बांधाच्या कोपऱ्यातले, जिथं उसाचं वाढंसुद्धा नीट येत नाही असले.

वडील गेले, नावं लागली, आणि एका संध्याकाळी भावाचा फोन आला. "आक्का, जेवलीस का?"

तिथंच मी ओळखलं. वीस वर्षांत या माणसानं मला जेवलीस का विचारलं नव्हतं. मग तब्येत विचारली, पोरांचं विचारलं, कंपनीत दिवाळीला काय देतात ते विचारलं. मग म्हणाला, हक्कसोडाचं तेवढं करून टाकू. म्हटलं, करू की. कोपऱ्यातले दोन गुंठे माझ्या नावानं ठेव, बाकी सगळ्यावर सही करते. हसला.

"दोन गुंठ्यात काय करणार तू?"

"न्हाणी बांधणार."

"चेष्टा करू नको गं आक्का. लोकं काय म्हणत्याल? बहीण वाटणी मागती म्हणत्याल."

लोक! तिसरा हिस्सा सोडून दोन गुंठे मागणारी मी हावरी, आणि तीनच्या तीन एकर गिळणारा हा कुटुंबवत्सल. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. तिनं तर सरळ रडायलाच घेतलं. "लेकीनं मागायचं नस्तं. माहेर तुटंल तुझं. मी गेल्यावर कुणाच्या दारात उभी राहशील?" मी म्हटलं, "माझ्या." ते तिला कळलं नाही, किंवा कळून तिनं सोडून दिलं. नवऱ्याला विचारलं तर ते म्हणाले, सही करून टाक, कटकट मिटंल. त्यांचंही बरोबर आहे. त्यांनी स्वतःच्या बहिणीची सही घेतली तेव्हा मी चहा केला होता सगळ्यांना. ती नणंद रजिस्टर ऑफिसमधून आली तेव्हा तिच्या मांडीवर एक साडी होती, आणि ती साडीकडं बघत बसली होती. मी तेव्हा नणंदेच्या बाजूनं बोलले नाही, आता नवरा माझ्या बाजूनं बोलत नव्हता. फिटंफाट.

शेवटी कंटाळून मी फोनवर म्हटलं, बरं, ये. भाऊ खूश. म्हणाला, "रजिस्टर ऑफिसचं बुधवारचं टोकन घेतो. आपला वार हाय, काम फत्ते व्हतंय." म्हणजे डॉक्टरांपुढं वार काही नाही, केसांपुढं वार काही नाही, पण सातबाऱ्याला वार लागतो!

मंगळवारी शिफ्टवरून आले तेव्हा माझं सही करायचंच ठरलेलं होतं. खरंच ठरलं होतं. बुधवारी पहाटे उठले, सुट्टी घेतली होती, चहा केला, ठेवणीतली साडी काढली. केसांना कंगवा लावला आणि कंगवा काळा झाला. रविवारी धुतले होते, सोमवार-मंगळवारची काजळी. अशा डोक्यानं ऑफिसात फोटो काढायचा, अंगठा द्यायचा. मी कंगव्याकडं बघत बसले. याच्यासाठी चाळीस वर्षं खाजवलं, म्हटलं. याच्यासाठी फुंकणं खाल्लं. आणि हा येतोय माझी न्हाणी न्यायला, आणि मी त्याच्यासाठी घाण डोक्यानं जायची?

दोन बादल्या उचलल्या आणि बाहेर आले. मालकीण खुर्चीत.

"डोकं? आज?" तिचे डोळे कपाळात गेले. "अगं, बुधवार हाय. तू बुधवारी कवाच न्हात न्हाईस."

"आज न्हाणार हाय."

ती बाई इतकी चकित झाली की स्वतः उठून तिनं नळ सोडला. पाण्याचा शब्दसुद्धा काढला नाही.

दाराला पाय लावून बसले, पहिला तांब्या भरला, आणि हात वर जाईना. सांगायला लाज वाटते. चव्वेचाळीस वर्षांची बाई, दिवसाला शेकडो पार्टांतले चांगले-वाईट निवडणारी, आणि एका तांब्यापुढं घाबरलेली. भाऊ तेव्हा राहूवरून तळेगाव ढमढेऱ्याच्या रस्त्याला लागला असेल. त्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही. मी डोळे मिटले आणि ओतला. मग दुसरा. मग शाम्पू घेतला, मालकिणीच्या नाकावर टिच्चून दोनदा घेतला, आणि इतकं चोळलं की मोरीतून शाई चालल्यासारखं पाणी गेलं.

बाहेर आले तर भाऊ दारात. पांढरी गाडी, पांढरा शर्ट, केस नुकतेच रंगवलेले, कानामागं थोडा रंग तसाच राहिलेला. हातात साडीची पिशवी. माझ्या डोक्यावरचा टॉवेल आणि कानावरनं गळणारं पाणी त्यानं बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"आक्का, डोकं धुतलंस?"

"व्हय."

"आज बुधवार हाय."

"ठाऊक हाय मला."

"मग? म्हंजी मला काय झालं तर?"

मी त्याच्याकडं बघतच राहिले. सात वर्षांचा होता तसाच दिसला, काकवीच्या तोंडाचा. म्हणजे हा मानत होता. सगळं आयुष्यभर मानत होता. मी बारा दिवस डोकं धुतलं नाही तेव्हा खाटेवर सफरचंद खात हसला, पण त्याला ठाऊक होतं मी काय केलं ते. माझं डोकं त्याला जपत होतं असं त्याला खरंच वाटत होतं, आणि तरी त्याला दोन गुंठे जड झाले. इतका वेळ मला राग येत होता. आता नुसता वीट आला.

"तू तर मानत न्हाईस," मी म्हटलं. "केसानं माणूस वाचत न्हाई. तसंच केसानं मरतबी न्हाई."

"ते ऱ्हाऊ दे. सहीचं काय? अकराचं टोकन हाय."

"दोन गुंठे लिहून दे. आत्ता येते, अशीच, ओल्या केसांनी."

त्यानं एकदा माझ्या डोक्याकडं बघितलं, एकदा रस्त्याकडं. मग "आईला सांगतो" म्हणाला. चाळीस वर्षांचा बाप्या, आईला सांगतो! पिशवी उंबऱ्यावर टाकली आणि गाडीत बसला. मी डोळ्यांनी पाहिलं, त्यानं पट्टा लावला. जन्मात कधी गाडीचा पट्टा लावला नव्हता त्यानं. वळणापर्यंत गाडी बैलगाडीच्या चालीनं नेली, भर उजेडात दोन्ही दिवे लावून. मालकीण पदर तोंडात कोंबून हसत होती. मीही हसले. इतकं हसले की पायरीवर बसावं लागलं.

तासाभरानं आईचा फोन आला. मी तयारीत होते. सहीबद्दल, माहेराबद्दल, चार लोकांबद्दल जे काही म्हणेल त्याला माझ्याकडं उत्तर होतं. तिनं त्यातलं काहीच विचारलं नाही.

"तू खरंच न्हालीस?"

"व्हय."

मग ती म्हणाली, "तुझं सांगून फोन ठिवला, तवापास्नं तो उचलंना गं. कवाधरनं लावतीय. अजून पोचला न्हाई." आणि तिनं फोन ठेवला.

गाडी चालवत असेल, मी स्वतःला म्हटलं. टोकन रद्द करायला गेला असेल. कुठंतरी मिसळ खात बसला असेल मेला. पायरीवरून उठले, आत गेले, परत बाहेर आले. भावाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. डोक्याला गुंडाळलेला टॉवेल सुटला, केसांचं पाणी मोबाइलवर गळत होतं, बोट घसरत होतं, आकडे लागत नव्हते. मालकीण खुर्चीतून बघत होती, आता हसत नव्हती. तिसऱ्यांदा लावला. मनात म्हटलं, उचल रे, सही करते, उचल.

चौथ्यांदा त्यानं उचलला. "हां, बोल," म्हणाला. मागं ट्रॅक्टरवरची गाणी ऐकू येत होती आणि तो काहीतरी चघळत होता.

मी फोन बंद केला. उंबऱ्यावरच्या पिशवीतून त्याची साडी काढली, घडी मोडली आणि केस पुसायला घेतले. नायलॉनची होती, पाणी काही टिपेना.